लिफ्टमधल्या ग्रॅनाइटचे वजन कोणी मोजले?

महोदय,

जुन्या सोसायट्यांत सध्या लिफ्ट सजवण्याची टूम निघाली आहे. केबिनला ग्रॅनाइटची लादी, भिंतीला मोठा आरसा. आणि कोणाच्या फ्लॅटचे काम निघाले की त्याच लिफ्टमधून रेती आणि डेब्रिजची पोती. माणसांच्या वजनावर बेतलेल्या यंत्राला आपण भलतेच ओझे देतो आहोत.

सहा माणसांच्या लिफ्टवर ४०८ किलोची पाटी असते, म्हणजे माणशी ६८ किलो. काउंटरवेट, म्हणजे दोराच्या दुसऱ्या टोकाला केबिनचा तोल सांभाळणारे वजन, हे रिकामी केबिन अधिक साधारण निम्मा भार, या मापाने घातलेले असते. केबिन ७०० किलोची धरली तर काउंटरवेट ९०४. लिफ्ट भरली की दोन बाजूंत २०४ किलोचा फरक. मोटर आणि ब्रेक त्या हिशेबाने बसवलेले. आता ११०० बाय १००० मिमीच्या केबिनमध्ये १८ मिमी ग्रॅनाइट म्हणजे सुमारे ५३ किलो. मसाला आणि आरसा मिळून ८० सहज. २०४ चे २८४ झाले, तेही कायमचे!

मग भरलेली लिफ्ट उतरताना मजल्याच्या दोन बोटे खाली थांबते. ब्रेकचे लायनर लवकर झिजतात, दोर पुलीच्या खाचेत घसरू लागतात. पाच जण चढले तरी ओव्हरलोडचा बझर वाजतो. तक्रार गेली की कोणीतरी येऊन बझर वाजवणारा स्विचच सरकवून देतो. बझर गप्प होतो, वजन तिथेच राहते. आमच्या मते सर्वांत घातक काम हेच.

२-३ मिमी व्हिनाइल पाच-सहा किलोंत बसते. दगडच हवा असेल तर आधी केबिन तोला. नुसते काउंटरवेट वाढवून भागत नाही. एकूण वजन वाढल्याने दोर, सेफ्टी गिअर (केबिन बेफाम खाली धावली तर तिला रुळांवर पकडणारी यंत्रणा) आणि मशीनखालचे बीम पुन्हा तपासावे लागतात, सव्वापट भारावर ब्रेकची चाचणी घ्यावी लागते. २०१७ च्या महाराष्ट्र लिफ्ट कायद्याखाली परवानगी लागेल ती वेगळी.

डेब्रिजमध्ये वजनाइतकाच त्रास रेतीचा. ती उंबऱ्याच्या खाचेत बसते, दार पुरते लागत नाही, दाराचा कॉन्टॅक्ट (दार लागल्याशिवाय लिफ्ट चालू न देणारा स्विच) जुळत नाही. अशा वेळी कोणी तो कॉन्टॅक्ट वायरने जोडून टाकला, तर लिफ्ट उघड्या दाराने धावते. कमिटीने कामाच्या परवानगीपत्रातच लिहावे: सहा माणसांच्या लिफ्टमध्ये तीस किलोची दहा पोती आणि एक माणूस, याहून जास्त एका फेरीत नाही, रोज संध्याकाळी खाच ब्रशने साफ करायची.

– लिफ्ट देखभालीच्या व्यवसायातील काही वाचक, मुलुंड, मुंबई