गाडीच्या सेल्फआधी इंजिनाला ऊब

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

पारा शून्याखाली उतरला की सकाळी गाडी चार-पाचदा सेल्फ मारल्यावर, पांढरा धूर सोडत कशीबशी चालू होते, असे बाबा परवा म्हणाले. फोनवर घाईत सांगण्यासारखा हा विषय नव्हे, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा पंधरा-वीस पट दाबली जाते, त्या दाबाने ती पाचशे अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि तेवढ्यावरच डिझेल पेट घेते. रात्रभर गारठलेला ब्लॉक, म्हणजे सिलिंडर ज्यात असतात ते इंजिनाचे धातूचे धड, हीच उष्णता शोषून घेतो. शिवाय चेंबरमधले ऑइल घट्ट झालेले असते आणि उणे १८ अंशांच्या आसपास बॅटरीचा जोर निम्म्यावर येतो, त्यामुळे इंजिन रेंगाळत फिरते आणि दाबलेल्या हवेला पिस्टनवरच्या रिंगांच्या फटींतून निसटायला व थंड व्हायला सवड मिळते. बाबा, तुम्हाला दिसतो तो पांढरा धूर म्हणजे बहुतांशी न जळलेले डिझेल असते. पुन्हा पुन्हा सेल्फ मारल्याने हे कच्चे डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरचे ऑइल धुऊन काढते, म्हणजे झीज वाढते आणि बॅटरी उतरते ती वेगळीच.

म्हणून माझा आग्रह आहे की एकच खर्च करायचा झाला, तर तो ब्लॉक हीटरवर करावा. ही विजेवर चालणारी छोटी कॉइल ब्लॉकमधल्या कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, वाटेत बसवतात. तापलेले कूलंट वर चढते, थंड खाली येते आणि सगळा ब्लॉक हळूहळू कोमट होतो. रात्रभर तो चालू ठेवण्याची मात्र गरज नाही, कारण काही तासांनी जेवढी उष्णता आत जाते तेवढीच बाहेर निघून जाऊ लागते. सहाशे वॅटचा हीटर दहा तासांत सहा युनिट वीज घेतो, तर टायमर लावून निघण्याआधी तीन तास चालवला तर दोन युनिटही लागत नाहीत. गारठा फारच असेल तर चार तास ठेवा.

त्याची वायर अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटलाच जोडा. पहिल्या दिवशी अर्ध्या तासाने प्लगला हात लावून पाहा. तो चटका देण्याइतका तापला असेल, तर जोड सैल आहे किंवा वायर बारीक आहे, ती लगेच बदला. कूलंटची पातळी थंड इंजिनावर तपासत जा, कारण कॉइल कोरडी पडली की जळून जाते. आणि निघण्यापूर्वी प्लग काढायचा, हे आईने तुम्हाला आठवण करून द्यावे, अशी माझी तिला विनंती आहे.

ब्लॉक हीटर असला तरी चावी फिरवल्यावर हीटर प्लगचा, म्हणजे सिलिंडरची आतली बाजू तापवणाऱ्या छोट्या कांडीचा, पिवळा दिवा विझेपर्यंत थांबा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि मध्ये मिनिटभर विश्रांती द्या. हवेच्या नळीत ईथरचा स्प्रे मारण्याचा सल्ला कोणी दिला तर अजिबात ऐकू नका. हीटर प्लग तापलेले असताना तो भलत्या वेळी पेट घेतो आणि पिस्टन किंवा रिंगा फुटू शकतात.

ब्लॉक हीटरने टाकीतले डिझेल तापत नाही, हेही लक्षात असू द्या. कडक थंडीत डिझेलमधले मेण गोठून फिल्टर चोक होतो, म्हणून थंडी सुरू होण्याआधीच हिवाळी प्रतीचे डिझेल भरून घ्या. गोठू न देणारे रसायनही डिझेल गढुळण्याआधी घातले तरच उपयोगी पडते.

आई, गाडी तापावी म्हणून गॅरेजचे दार लावून ती चालू ठेवायची नाही, अगदी दोन मिनिटेसुद्धा नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो ना रंग, आणि जागच्या जागी चालवून डिझेल इंजिन लवकर तापतही नाही. अर्धा-एक मिनिट थांबून हळू चालवत निघाले की ते लवकर तापते.

बाबा, बॅटरीवर छापलेली तारीख पाहून मला कळवा. ती पाच वर्षांपूर्वीची असेल, तर हीटरबरोबर बॅटरीही बदलून घेऊ.

तुमची लेक