ब्लॉक गुण्यात नसेल तर गोधडी सरळ येत नाही

महोदय,

जुन्या साड्या आणि ब्लाउजपीसचे उरलेले तुकडे घेऊन घरच्या मशीनवर गोधडी कशी शिवावी, हे सांगणाऱ्या कृती अलीकडे पुरवण्यांतून वरचेवर येतात. फोटो सुरेख असतात, रंगसंगतीवर दोन परिच्छेद असतात. पण ‘तुकडे जोडून ब्लॉक करा’ आणि ‘ब्लॉक एकमेकांना जोडा’ या दोन वाक्यांमधली पायरी बहुतेक कृतींत गाळलेली असते. शिवून झालेला प्रत्येक ब्लॉक, म्हणजे तुकड्यांचा सुटा चौकोन, इस्त्री करून मापात आणि गुण्यात, म्हणजे चारही कोपरे काटकोनात येतील असा, कापून घ्यायचा, ही ती पायरी. तिच्यावाचून काय होते ते शेवटची रांग जोडताना कळते, आणि तेव्हा उसवायला पुष्कळ शिलाया झालेल्या असतात.

आपल्या वाकळीला हे कधी लागले नाही, कारण तिची रीतच वेगळी. ठिगळ थेट खालच्या थरावर ठेवायचे, कड दुमडायची आणि धावदोऱ्याने सगळे थर एकदम शिवत जायचे. तुकडा तिरका निघाला तर शेजारचा त्यावर जरा जास्त चढतो, झाले. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात राहणाऱ्या, मूळच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायकांची गोधडी, कवंदीही अशीच कडेपासून आत भरत जाते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत रुळलेल्या ब्लॉकच्या पद्धतीत मात्र सुटे चौकोन आधी पूर्ण होतात आणि मग एकमेकांना भिडतात. तिथे चूक मुरत नाही, साठत जाते. एका रांगेत ८ तुकडे म्हणजे ७ शिलाया. प्रत्येक तुकड्याची माया (शिलाईपलीकडे कडेला राहणारे कापड) फक्त अर्धा सूत जास्त गेली (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), तर एका शिलाईत एक सूत जाते आणि रांग ७ सूत, म्हणजे जवळजवळ एक इंच आखूड होते. शेजारच्या रांगेत तुकडे कमी असले तर ती तेवढी आखूड होत नाही. मग दोन्ही जुळवायला कापड ओढले जाते.

म्हणून पहिली तपासणी मायेची. पाव इंच म्हणजे दोन सूत, पण शिलाई त्याहून एका दोऱ्याएवढी कडेच्या जवळ हवी, कारण माया एका बाजूला वळवली की घडीत तेवढे कापड जाते. पुष्कळ मशीनच्या दाबाची (कापड दाबून धरणाऱ्या पायाची) कड सुईपासून नेमकी पाव इंचावर नसते. तेव्हा १.५ इंच रुंदीच्या तीन पट्ट्या जोडून इस्त्री करा आणि मधली मोजा. ती बरोबर १ इंच भरली पाहिजे. कमी भरली तर माया जाड जाते आहे. बरोबर जागा सापडली की सुईपट्टीवर चिकटपट्टीची कड लावून ठेवा.

आता प्रत्यक्ष कापणे. भिंगरीचा, म्हणजे चार पाती मध्यात भेटणाऱ्या नक्षीचा, ब्लॉक घेऊ, कारण त्यात सगळ्या अडचणी एकत्र भेटतात. ४ इंचाचे दोन चौकोन, एक गडद आणि एक फिका, सुलट्या बाजू समोरासमोर ठेवा. फिक्याच्या उलट्या बाजूवर कोपऱ्यातून कोपऱ्यात रेघ मारा, रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर शिलाई घाला आणि रेघेवर कापा. दोन त्रिकोणी जोड मिळतात. हिशेबाने ते ३ इंच ५ सूत भरतात आणि आपल्याला हवेत ३.५ इंच. हे एक सूत जाणूनबुजून जास्तीचे ठेवलेले आहे. पहिल्यापासून अचूक मापाचे कापून अचूक शिवता येते असे पुस्तकी गणित सांगते. आमच्या मते तिरक्या शिलाईच्या बाबतीत त्यावर विसंबू नये.

कापण्याआधी इस्त्री. माया गडद बाजूला वळवा, इस्त्री उचलून ठेवा, फिरवू नका आणि वाफ टाळा. तिरकी शिलाई उरेबवर, म्हणजे कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांना तिरकी, असते आणि फिरवलेली इस्त्री ती ओढून लांब करते. जुन्या साडीचे कापड तर मऊ पडलेले असते, त्याला तुकडे कापण्याआधीच खळ द्यावी. नवे सुती कापड आधी धुऊन घ्यावे.

मग पारदर्शक पट्टीवरची ४५ अंशाची रेघ तिरक्या शिलाईवर तंतोतंत ठेवा. ३.५ इंचाच्या दोन्ही रेघांपलीकडे थोडे कापड दिसतेय ना, ते पाहा. उजवी आणि वरची कड कापा. तुकडा अर्धा फिरवा, कापलेल्या कडा ३.५ च्या रेघांवर बसवा, शिलाई पुन्हा ४५ च्या रेघेवर आणा आणि उरलेल्या दोन कडा कापा. कोपऱ्यातले कान, म्हणजे मायेची बाहेर आलेली टोके, तीही त्यातच निघतात. घाईत कडेवरूनच माप घेऊन कापले तर चौकोन मापाचा होतो, पण शिलाई कोपऱ्यात येत नाही आणि भिंगरीची पाती मध्यात भेटत नाहीत.

असे चार जोड शिवले की ६.५ इंचाचा ब्लॉक होतो. पुन्हा इस्त्री, पुन्हा तपासणी. चारही बाजू सारख्या असल्या तरी दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर ब्लॉक गुण्यात नाही, कलंडलेला आहे. जास्तीचे कापड एकाच बाजूने काढू नका. पट्टीवरची ३.२५ इंचाची खूण ब्लॉकच्या मध्यावर ठेवून चारही बाजूंनी सारखे काढा. नक्षीचे टोक कडेपर्यंत जात असेल तर टोकापलीकडे पाव इंच शिल्लक राहिलेच पाहिजे, नाहीतर जोडताना टोक शिलाईखाली जाते.

ब्लॉक लहान भरला तर? बाकीचे सगळे त्याच्या मापाला कापायचा मोह होतो. तसे केले की सगळ्यांचीच टोके जातात. एखाद सूत कमी असेल तर दोन्ही टोकांना आणि मध्यावर टाचण्या लावून, लांब ब्लॉक खाली ठेवून शिवा. मशीनचे दाते खालचे कापड भराभर आत घेतात. त्याहून जास्त कमी असेल तर उसवा.

गोल पात्याचा कटर १९७९ साली जपानी ओल्फा कंपनीने बाजारात आणला, तेव्हापासून हे काम सोपे झाले. तो नसला तरी अडत नाही. ॲक्रिलिकच्या पाट्या करणाऱ्याकडून ३.५ आणि ६.५ इंचाचे चौकोन कापून घ्या, त्यांवर मार्करने कर्णरेघ मारा. खुणेला शिंप्याचा खडू नको, त्याची रेघच अर्धा सूत जाड येते. टोकदार पेन्सिल घ्या आणि कात्री रेघेवरूनच चालवा.

एक विनंती. कृती छापताना प्रत्येक ब्लॉकची दोन मापे द्यावीत, जोडण्यापूर्वीचे आणि जोडल्यावर दिसणारे. नुसते ‘६ इंची ब्लॉक’ वाचून काही जणी ६ इंचावर कापतात, काही जणी ६.५ वर.

आपल्या,
तुकडे जोडून गोधड्या शिवणाऱ्या काही वाचक, पुणे