'पूर्ण दिवस काउंटी फेअर' असे छापून दीड तास दाखवल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,
सहल कंपनी, पुणे.

विषय: अमेरिका पश्चिम किनारा सहलीतील नवव्या दिवसाचे पैसे परत मिळण्याबाबत.

महोदय,

जूनमध्ये आपल्या सहलीत मी आणि माझे मित्र असे दोघे होतो. मी निवृत्त पशुधन विकास अधिकारी. मित्र आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवायचे. पुढे त्यांना मास्तर म्हटले आहे, कारण गेली चाळीस वर्षे मी तेच म्हणतो. हॉटेल, बस, जेवण यांबद्दल आमचे काही म्हणणे नाही. वरण रोज अळणी होते, पण परदेशात वरण मिळाले हेच खूप. तक्रार फक्त नवव्या दिवसाची आहे.

चार कंपन्यांची माहितीपत्रके चाळून आम्ही तुमची सहल घेतली ती एका ओळीसाठी: 'सॅन दिएगो काउंटी फेअर, सकाळी 11 ते सायंकाळी 7'. त्या दिवसाचे म्हणून प्रत्येकी 14,000 रुपये जादा भरले. ही तिथल्या जिल्ह्याची जत्रा 1880 पासूनची. 1936 पासून ती कॅलिफोर्नियातल्या डेल मारला, समुद्राजवळच्या मैदानावर भरते. ते मैदान सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेचे नावच मुळी बाविसावी जिल्हा कृषी संघटना असे आहे. म्हणजे आकाशपाळणे आणि तळलेली बिस्किटे मागाहून आली, मूळ कारभार शेतीचा आणि जनावरांचा. मी वीस वर्षे खरसुंडीच्या खिलार बैलांच्या बाजारात लाळ्या-खुरकुताच्या लसी टोचल्या आहेत. तिकडचा जनावरांचा बाजार कसा असतो ते बघायचे मनात होते. मास्तरांना तिथले लाकूडकामाचे प्रदर्शन बघायचे होते. ते नावाजलेले आहे.

आता घडले ते सांगतो. तुमच्या पहिल्या कार्यक्रमपत्रिकेत फेअर मंगळवारी होती. सोमवारी आणि मंगळवारी ती बंद असते, हे मी घरी बसून नातवाच्या मोबाइलवर शोधले आणि तुमच्या कार्यालयाला कळवले. तेव्हा 'काका, बघतो' म्हणून बुधवार केला. पण आउटलेट मॉल मोकळ्या झालेल्या मंगळवारी ठेवायचा सोडून तोही बुधवारीच कोंबला. लॉस एंजेलिसहून निघालेली बस मॉलला अडीच तास थांबली. पुढे फेअरच्या फाट्यावर गाड्यांची रांग लागली. दारात पोचलो तेव्हा 3 वाजून 40 मिनिटे झाली होती. टूर मॅनेजरने जाहीर केले, साडेपाचला बस सुटेल.

दारात पिशव्या तपासतात, हे आम्हाला कुणी सांगितले नव्हते. मास्तरांच्या पिशवीत अडकित्ता निघाला. पितळी, मोराच्या मुठीचा, त्यांच्या वडिलांचा. शिपाई सभ्य होता, गाडीत ठेवून या म्हणाला. गाडी तोवर पार्किंगला गेलेली आणि मॅनेजर फोन उचलेनात. वीस मिनिटे तिथेच गेली. शेवटी मास्तरांनीच तो कचऱ्याच्या पिंपात टाकला आणि म्हणाले, "चला डॉक्टर, सुपारी सोडायचीच होती."

जनावरांच्या शेडमध्ये मला मोजून अर्धा तास मिळाला. पांढरा सदरा आणि गळ्यात हिरवा रुमाल अशी तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी बोअर जातीचा बोकड घेऊन रिंगणात उभी होती. ही मुले 4-एच नावाच्या संघटनेतली, जनावर स्वतः वाढवून आणतात. तिने गुडघा बोकडाच्या छातीला लावला, तसा तो पुढे रेटा देऊन ताठ झाला आणि पाठीचे मांस आवळून आले. मग परीक्षकाने कण्यावरून बोटे फिरवली. आमच्याकडे आटपाडीच्या बाजारात व्यापारी असाच हात फिरवतात, पण बोकडाला असे उभे करायची ही युक्ती मी तीस वर्षांच्या नोकरीत पाहिली नव्हती. तिला खुराक काय, वजन किती, विचारायचे होते. निकाल लागेपर्यंतसुद्धा थांबता आले नाही.

कारण मास्तरांचे लाकूडकाम राहिले होते. ते मैदान केवढे आहे याची तुमच्या माणसाला कल्पना नसावी. विचारत विचारत पोचलो तेव्हा पाच वाजले होते. मास्तर एका खुर्चीपाशी उकिडवे बसले, हाताचा दांडा पायात कुठे मुरवलाय ते बघत. खालून वाकून बघितले तरी सांधा सापडेना. तेवढ्यात फोन आला: "काका, सगळे बसमध्ये बसलेत, तुमच्या दोघांमुळे खोळंबलेत." तेव्हा 5 वाजून 10 मिनिटे झाली होती. म्हणजे दिलेला वेळही पुरा दिला नाही.

बसमध्ये मी विचारले तर मॅनेजर म्हणाले, "जत्राच ती काका, आपल्याकडे काय कमी असतात?" म्हणूनच तर आम्ही गेलो होतो. जत्रेला वेळ लागतो, हे खरसुंडीकडच्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको.

आणखी एक. 62 वर्षांवरील माणसांना तिथे तिकीट स्वस्त असते. आम्ही दोघे सत्तरीचे, पासपोर्टच्या प्रती तुमच्याकडे आहेत, तरी तिकिटे पूर्ण दराची काढली होती.

परत आल्यावर तुमच्या कार्यालयाला तीनदा फोन केला. पहिल्यांदा 'मेल करा', दुसऱ्यांदा 'मेल मिळाला नाही', तिसऱ्यांदा 'पुढच्या सहलीत पाच टक्के सूट देतो'. म्हणून हे पत्र रजिस्टर्ड पोस्टाने पाठवत आहे. कार्यक्रमपत्रिकेच्या दोन्ही आवृत्त्या, पावती आणि वेळ उमटलेले फोटो सोबत जोडले आहेत.

मागणी अशी: आम्हा दोघांचे मिळून 28,000 रुपये परत करावेत. आम्ही आत गेलो हे खरे आहे, तेव्हा ज्येष्ठांच्या दराने दोन तिकिटांचे पैसे त्यातून खुशाल कापून घ्या. माहितीपत्रकातली '11 ते 7' ही ओळ एक तर खरी करावी, नाहीतर काढावी. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सांगलीच्या जिल्हा आयोगात तक्रार करीन. त्यासाठी पुण्याला हेलपाटे घालावे लागत नाहीत, आणि आमच्या रकमेला शुल्कही लागत नाही, हे विचारून ठेवले आहे.

अडकित्त्याचे पैसे मास्तर मागत नाहीत, मलाही मागू देत नाहीत.

रक्कम ज्या खात्यातून भरली होती त्याच खात्यावर जमा करावी. सवलतीचे कूपन पाठवू नये.

आपला,
एक प्रवासी (आणि मास्तर, त्यांची सही शेजारी)
विटा, जि. सांगली