मोठी गाडी नाही घेतली, बाबा

कासारवडवली, ठाणे
शुक्रवार, रात्र

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर विषय काढला की बाबा "बरं, ठरवलंत ना, मग झालं" म्हणतात आणि फोन आईकडे देतात. आई लगेच "जेवलीस का" विचारते. म्हणून लिहायला बसले. गाडी बुक केली. स्कोडा कुशाक, एक लिटरचं पेट्रोल इंजिन, ऑटोमॅटिक, पांढरी. स्कॉर्पिओ-एन नाही घेतली. पैसे भरून झालेत, त्यामुळे आता विचारत नाहीये, सांगते आहे. पण बाबा, सात सीटांचा तुमचा हट्ट कशासाठी होता ते मला पक्कं ठाऊक आहे. तो मोडताना कारणं अर्धवट सांगितलेली मलाच चालणार नाहीत.

पहिलं कारण आपली नौपाड्यातली गल्ली. मागच्या रविवारी तुम्ही दुपारी झोपला होतात तेव्हा मी टेप घेऊन खाली उतरले होते. वाण्याच्या ओट्यापासून समोरच्या विजेच्या खांबापर्यंत २.८५ मीटर भरतात. एका कडेला स्कूटर लावलेली असते, आणि ती कायमच असते, तेव्हा उरतात साधारण २.१५. स्कॉर्पिओ-एन आरसे न धरता १,९१७ मिलिमीटर रुंद आहे. आरसे मिटले तरी दोन्ही बाजूंना चार-चार बोटांपलीकडे जागा उरत नाही. कुशाक १,७६० आहे, सहा इंचांनी अरुंद. तीसुद्धा आरसे मिटूनच न्यावी लागेल, पण ती आत येते. मोठी गाडी कोपऱ्यावर, गोखले रोडच्या तोंडाशी उभी करावी लागली असती, आणि तिथपर्यंत आईने गटाराच्या झाकणांवरून, स्कूटरींच्या मधून चालत यायचं. गुडघ्याच्या ऑपरेशनला अजून वर्षही झालेलं नाही. पावसाळ्यात ते झाकण कसं असतं हे मी सांगायला नको. ज्या गाडीपर्यंत आईला चालत जावं लागेल ती आपल्या घराची गाडी नव्हे, असं माझ्या मनाने त्याच दिवशी घेतलं.

दुसरं कारण सीटची उंची. हे शोरूममध्ये कुणी आपणहून सांगत नाही. स्कॉर्पिओ-एनमध्ये चेसिसची वेगळी चौकट असते आणि तिच्यावर बॉडी बसवलेली असते, त्यामुळे गाडीची जमीनच उंच येते. सीटची कड आपल्या स्वयंपाकाच्या ओट्यापेक्षा जेमतेम चार बोटं खाली. म्हणजे आधी पायरीवर पाय, मग हँडल धरून स्वतःला वर ओढायचं, तेही साडी सावरत. ऑपरेशन झालेल्या गुडघ्यावर अख्खं वजन टाकून चढणं हेच फिजिओ नको म्हणतात. कुशाकची सीट जेवणाच्या खुर्चीपेक्षा वीतभर उंच आहे. तिथे चढावंही लागत नाही आणि खाली कोसळावंही लागत नाही, नुसतं टेकायचं. आई, तुझ्यासाठी ही उंची सगळ्यात बरी.

बाबा, आता तिसऱ्या रांगेबद्दल, कारण खरा मुद्दा तोच. कागदावर मोठी गाडी आपल्यापेक्षा जवळजवळ दीड फूट लांब आहे: ४,६६२ मिलिमीटर विरुद्ध ४,२२५. पण पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर बघा, २,७५० आणि २,६५१. फरक चार इंचांचा. म्हणजे वाढलेली लांबी पुढच्या दोन रांगांतल्या माणसांच्या पायांना फारशी मिळत नाही. बहुतेक लांबी चाकांच्या पुढेमागे जाते आणि तिसरी रांग मागच्या चाकांवर जाऊन बसते. खड्ड्याचा दणका सगळ्यात जास्त तिथे लागतो, मांडीखाली आधार नसतो, गुडघे छातीशी येतात. तिथे पोचायला मधली सीट दुमडून पुढे उलटवायची आणि वाकून आत सरकायचं. तुम्ही दोघं तिथे बसणार नाही, निखिल मावत नाही, म्हणजे आमची ओवी आणि दादाची मुलं. आणि ती रांग उघडी ठेवली की डिकीत दोन हातपिशव्या राहतात. गावाहून येताना तांदूळ, कोकम, आंब्याच्या पेट्या कुठे ठेवायच्या? टपावर कॅरिअर लावला की वजन वर जातं आणि वळणावर गाडी जास्त झुलते. आईला गाडी लागते ती या झुलण्यानेच. खोपोलीला काय झालं होतं ते पुन्हा नको.

कुशाकची डिकी ३८५ लिटरची आहे. दोन मोठ्या बॅगा, घडी केलेला वॉकर आणि आंब्याची एक पेटी मावते. उणीव आहे तीही सांगते: मागे तीन मोठी माणसं ऐसपैस बसत नाहीत. मधल्या जागेत पायाशी उंचवटा येतो. तिथे ओवी बसेल. मधल्या सीटलाही खांद्यावरून येणारा पट्टा आहे, नुसता पोटावरचा नाही, हे मी बघून घेतलं आहे.

गाव आणि खड्डे म्हणून तुमचा आग्रह होता. कुशाकच्या पोटाखाली १८८ मिलिमीटर जागा आहे. आपल्या वाडीतल्या जांभ्याच्या रस्त्याला तेवढी पुरते. फक्त पाच माणसं आणि सामान असताना गतिरोधकावर तिरकं जायचं. एक लिटरचं इंजिन ऐकून तुम्ही नाक मुरडाल, पण ते टर्बो आहे, ११५ पीएस. कमी फेऱ्यांवर थोडं उशिरा जागं होतं, म्हणून परशुराम घाटात गिअर 'एस'वर, म्हणजे स्पोर्ट मोडवर टाकायचा. कशेडीला तर आता बोगदाच आहे.

सुरक्षेचं तुम्ही विचारलं होतंत आणि तुमचं बरोबर होतं, स्कॉर्पिओ-एन मजबूत आहे. २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने दोन्ही गाड्या आपटून पाहिल्या, आणि मोठ्या माणसांसाठी दोघींनाही पाच तारे मिळाले. लहान मुलांसाठी मात्र स्कॉर्पिओ-एनला तीन मिळाले, ४९ पैकी २८.९३ गुण. कुशाकला पाच, ४९ पैकी ४२. ओवी मागे बसणार आहे. हे आकडे वाचल्यावर माझं मन पुन्हा मागे वळलं नाही.

पैशांचं थोडक्यात सांगते. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा कर उतरला, हा तुमचा मुद्दा खरा. दोन्हींवर आता ४० टक्केच जीएसटी. पण रोड टॅक्स तसा नाही. आपल्याकडे दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के आणि वीस लाखांवरच्या डिझेलला, म्हणजे तुम्ही म्हणत होतात त्या स्कॉर्पिओ-एनला, १५. २०२२ च्या दराने थर्ड पार्टी विमा हजार सीसीच्या आतल्या गाडीला वर्षाला २,०९४ रुपये आणि पंधराशे सीसीच्या वर ७,८९७. शिवाय डिझेल आपल्या वापराला मानवत नाही. नव्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी जाळी असते, डीपीएफ म्हणतात तिला. ती काजळी जळायला गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग, बऱ्यापैकी वेगात पळावी लागते. कासारवडवली ते नौपाडा, मेट्रोच्या खांबांमधून कापूरबावडीपर्यंत रांगत, माजिवड्याला सिग्नल: जाळी भरत जाते, दिवा लागतो, आणि दुर्लक्ष केलं तर गाडी आपणच ताकद कमी करते. महिन्यातून एकदा केवळ जाळी साफ करायला समृद्धीवर जायचं का?

तुम्ही एफडी मोडून पाच लाख देतो म्हणालात, ते मी कधीच विसरणार नाही. पण ती एफडी आईच्या दुसऱ्या गुडघ्याची आहे. तिला कुणीही हात लावायचा नाही. तुम्हीसुद्धा नाही.

बाबा, गणपतीला सात जण एका गाडीत जाणारच आहोत. दादाशी बोलून झालंय. ते चार दिवस ड्रायव्हरसकट आठ सीटांची इनोव्हा भाड्याने घ्यायची, खर्च अर्धा-अर्धा. गणपतीच्या आठवड्यात ठाण्यात भाड्याची गाडी मिळत नाही, म्हणून जूनमध्येच सांगून ठेवते. आई मधल्या रांगेत खिडकीशी, तुम्ही पुढे ड्रायव्हरशेजारी, रस्ता सांगायला. वर्षातल्या सात-आठ दिवसांसाठी उरलेले साडेतीनशे दिवस आईला ओट्याएवढ्या उंचीवर चढवायचं, हे मला पटेना.

एरवी मात्र पुढची सीट आता आईची. हे लिहिताना हात थांबला. बजाजवर मी पुढे उभी असायचे, तुमच्या हातांच्या मध्ये, हँडलला धरून, आणि दादा तुमच्या नि आईच्या मध्ये चेपलेला. रविवारी तलावपाळीला पोचेपर्यंत मला वाटायचं स्कूटर मीच चालवते आहे. तुमची पुढची जागा कुणी काढून घेत नाहीये, बाबा. पुढे पाय लांब करता येतात, सीट मागे सरकते, गुडघा वाकवायला लागत नाही, एवढंच. मागे उजवीकडे खिडकी तुमची. पाण्याची बाटली दारातल्या खणात मावते, एसीची हवा मागेही येते, आणि मी चालवत असताना "डावीकडून घे" तिथूनही ऐकू येईल.

आता नीट ऐका दोघंही. आई, आत शिरायच्या आधी पाठ गाडीकडे करायची. सीटच्या कडेला टेकायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत वळवायचे. एक पाय आत टाकून वळायचं नाही, त्याने गुडघा पिळतो. साडी सरकत नसेल तर सीटवर प्लॅस्टिकची पिशवी ठेव म्हणजे सहज फिरता येतं. बसलीस की ती काढायची, नाहीतर ब्रेकला घसरशील. दार धरून उठायचं नाही, दार हलतं. पट्टा पोटावर नाही, कमरेच्या हाडावर, आणि सीट डॅशबोर्डपासून हातभर मागे, एअरबॅग आहे म्हणून. दर तासाला मी गाडी थांबवणार, तू "कशाला" म्हणायचं नाही. बाबा, मागे बसलात तरी पट्टा. "मागे कोण बघतंय" हे चालणार नाही. आणि मोतीबिंदूचा दुसरा डोळा होईपर्यंत रात्री वॅगन-आर काढायची नाही, मी येते ना.

गाडी पुढच्या शनिवारी मिळते. रविवारी सकाळी साडेसातला तुम्हाला कोपिनेश्वरला नेते, मग नाश्ता माझ्याकडे. आई, येताना तुझी ती पातळ उशी घे, कमरेला लागेल. बाबा, वाण्याला सांगून जिन्यासमोरची स्कूटर तेवढी सव्वासातला हलवून ठेवा. तुम्ही कोपऱ्यावर येऊन उभे राहू नका. मी दारात येते.

तुमची,
मनू