‘एक्स-रे उत्तम आहे’, पण गुडघा दुखतो त्याचे काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गुडघेबदल शस्त्रक्रियेच्या मोफत तपासणी शिबिरांच्या जाहिराती नाशिकमध्ये आता नित्याच्या झाल्या आहेत आणि त्यांत ‘वेदनामुक्त आयुष्य’ हे शब्द हमखास असतात. या शस्त्रक्रियेने असंख्य माणसे पुन्हा हिंडू-फिरू लागली, हे मी नाकारत नाही. आमच्याच सोसायटीतल्या एक बाई दोन्ही गुडघे बदलून घेतल्यावर सहा-आठ महिन्यांत वणीला देवीच्या दर्शनाला जाऊन आल्या. पण शस्त्रक्रिया व्यवस्थित होऊनही ज्यांचा गुडघा दुखतच राहतो, त्यांच्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. मी त्यांच्यापैकी एक आहे, म्हणून हे पत्र.

मी 67 वर्षांची सेवानिवृत्त शिक्षिका आहे. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये शहरातील एका खासगी रुग्णालयात माझा उजवा गुडघा बदलला. जखम वेळेवर भरली, टाके निघाले, वॉकर सुटला, गुडघा चांगला वाकूही लागला. दुखणे मात्र गेले नाही, आणि ते पूर्वीचे दुखणेही नव्हे. झिजलेला गुडघा चालताना दुखायचा आणि बसले की शांत व्हायचा. हा रात्री पाठ टेकल्यावर जळू लागतो. टाक्यांच्या रेषेच्या बाहेरच्या अंगाला तळहाताएवढी जागा बधिर आहे आणि तिच्या कडेला चादर नुसती घासली तरी चटका बसल्यासारखे होते. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीतही मी उजवा पाय पांघरुणाबाहेर ठेवून झोपते.

प्रत्येक फेरतपासणीला डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि सांगितले, “सांधा सुरेख बसला आहे, दुखायचे काही कारण नाही.” हे वाक्य मी वर्षभरात चार वेळा ऐकले. त्याचा परिणाम घरापर्यंत पोहोचतो, हे सांगणाऱ्याच्या ध्यानात येत नसावे. कारण नाही म्हटल्यावर उरते ते एकच, की दुखणे रुग्णाच्या मनात आहे. व्यायाम कमी पडला असेल, वजन वाढले असेल, वणीला जाऊन आलेल्या त्या बाईंना नाही का काही झाले, असे जो तो सुचवू लागतो, आणि काही दिवसांनी आपलीच आपल्याला शंका येऊ लागते. मी तर दुखते हे सांगणेच सोडून दिले होते.

शेवटी भाचीच्या आग्रहाने मी एका वेदनाशमनतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी आधी सर्व तपासण्या पुन्हा नीट करून घेतल्या, कारण सांध्यातला जंतुसंसर्ग, सांधा सैल होणे किंवा डुगडुगणे, वाटीची चुकीची सरक, आणि खुबा किंवा कमरेचा मणका दुखत असून ते गुडघ्यात जाणवणे, ही कारणे वगळल्याशिवाय पुढे जाता येत नाही. (गुडघा सुजला, गरम लागू लागला, ताप आला किंवा जखमेतून पाणी येऊ लागले, तर कोणीही घरी बसून राहू नये.) माझ्यात यांपैकी काही निघाले नाही. तेव्हा त्यांनी समजावले की वर्षानुवर्षे दुखत आलेल्या सांध्याचे निरोप वाहून नेता नेता मज्जासंस्थाच हळवी होऊन बसते, शिवाय छेद घेताना त्वचेची बारीक मज्जातंतूशाखा दुखावते, आणि मग नवा सांधा निर्दोष असूनही वेदना खरी असते. “तुमचे दुखणे खरे आहे,” हे शब्द शस्त्रक्रियेनंतर मी प्रथमच एका डॉक्टरांच्या तोंडून ऐकले आणि मला तिथेच रडू आले.

हा प्रकार दुर्मीळही नाही. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात गुडघा बदललेल्यांपैकी 10 ते 34 टक्के आणि खुबा बदललेल्यांपैकी 7 ते 23 टक्के रुग्णांना दीर्घकाळ त्रासदायक वेदना राहिल्याचे नोंदले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेला स्वतंत्र स्थान आहे. मला शस्त्रक्रियेपूर्वी संमतिपत्रावर सही करताना रक्तस्राव, गुठळी, जंतुसंसर्ग हे सारे वाचून दाखवले. हे एक मात्र सांगितले नाही. सांगितले असते तरी मी बहुधा शस्त्रक्रिया करून घेतलीच असती, पण वर्षभर स्वतःला दोष देत बसले नसते.

आज माझे दुखणे संपलेले नाही. मज्जातंतूंसाठी रात्री घ्यायच्या गोळीने जळजळ निम्म्यावर आली आहे. फिजिओथेरपिस्टने घड्याळ लावून चालायला शिकवले आहे: बरे वाटते म्हणून जास्त नाही आणि दुखते म्हणून बंद नाही, कृषीनगरच्या ट्रॅकवर बारा मिनिटे, मग बाकावर बसायचे, मग पुन्हा बारा. मधल्या काळात एका ठिकाणी ‘पुन्हा उघडून पाहू’ असा सल्ला मिळाला होता. तो मी मानला नाही याचे समाधान वाटते, कारण नेमका दोष सापडलेला नसताना केलेली दुसरी शस्त्रक्रिया बहुतेक वेळा दुखणे घालवत नाही, हे मला नंतर कळले.

2017 साली सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातली आणि ही शस्त्रक्रिया मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. रुग्ण वाढले, तसा पाठपुरावाही वाढायला हवा होता. ब्रिटनमध्ये 363 रुग्णांवर झालेल्या आणि 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत तीन महिन्यांनंतरही दुखणाऱ्या रुग्णांची प्रशिक्षित व्यक्तीने तासभर तपासणी केली, गरजेप्रमाणे योग्य तज्ज्ञाकडे पाठवले आणि वर्षभरात सहापर्यंत फोन केले. त्यांचे दुखणे नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा कमी राहिले. यात न परवडणारे असे काय आहे? महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आपल्याच नाशिकमध्ये आहे आणि राज्यभरची वैद्यकीय व फिजिओथेरपी महाविद्यालये त्याला संलग्न आहेत. तिसऱ्या महिन्याचा असा पाठपुरावा त्या महाविद्यालयांच्या रुग्णालयांत सुरू व्हावा, यासाठी विद्यापीठाने पुढाकार घ्यावा. खासगी रुग्णालयांनी निदान एक फोन करावा आणि ‘दुखते का’ एवढे विचारून उत्तर लिहून घ्यावे.

आपणही आरोग्यविषयक पुरवणीत अस्थिरोगतज्ज्ञ आणि वेदनाशमनतज्ज्ञ अशा दोघांकडून या विषयावर सविस्तर लेख घ्यावा, ही विनंती.

आपली नम्र,
एक सेवानिवृत्त शिक्षिका,
नाशिक