कपालेश्वराच्या पायऱ्यांवरून

पंचवटी, नाशिक

प्रिय सुधाकर,

पत्र आणि भैरवाच्या मूर्तीचा फोटो, दोन्ही मिळाले. भैरव म्हणजे शंकराचंच रूप; त्याच्या हातात कवटी बघून वहिनी दचकल्या म्हणतोस. त्यांना सांग, ते भिक्षेचं भांडं आहे.

त्या कवटीला कपाल म्हणतात, आणि संस्कृतात कपाल म्हणजे खापरसुद्धा. यज्ञात पुरोडाश, म्हणजे देवांना द्यायची पिठाची जाड रोटी, भाजायचा तो निखाऱ्यांवर मांडलेल्या कपालांवर, आणि ती किती हेही ठरलेलं: अग्नीला आठ, अग्नी-विष्णूंच्या जोडीला अकरा. मनुस्मृतीतल्या संन्याशाजवळही कपालच. आपल्याकडे शब्द कपाळावर येऊन बसला, हात लावायला बरा!

आता शंकर. त्याने ब्रह्मदेवाचं पाचवं डोकं छाटलं आणि ब्रह्महत्या गळ्यात पडली. मनूने त्याला प्रायश्चित्त सांगितलंय: बारा वर्षं रानात झोपडी, भिकेवर पोट, आणि खूण म्हणून प्रेताचं डोकं जवळ. पुराणांनी तेच व्रत थेट महादेवाला लावलं, सवलत नाही. म्हणून लोक भैरवाला उग्र म्हणतात तेव्हा मला पटत नाही. सुळे असतील, पण मला तर शिक्षा भोगणारा दिसतो, दारोदार हिंडणारा. तुझ्या फोटोत कुत्रं आहे, म्हणजे भैरवच. पायात खडावा आणि हाताशी उड्या मारणारं हरीण असतं, तर भिक्षाटन, म्हणजे भीक मागत फिरणारा शंकर, म्हटलं असतं.

हातातलं ब्रह्मदेवाचं ते कपाल काशीत गळून पडलं, असं काशीकर सांगतात. आम्ही ऐकून घेतो. पण दोष फिटला तो इथे, गोदावरीच्या रामकुंडावर. आमची कथा अशी: एका ब्राह्मणाच्या गोठ्यातलं पांढरं वासरू आईशी बोलत होतं, ते शंकराने ऐकलं. दुसऱ्या दिवशी वासराने मालकाला शिंगांवर घेतलं, तो मेला आणि वासरू काळंठिक्कर पडलं. तडक गोदावरीत उतरलं, वर आलं ते पुन्हा पांढरं. मागोमाग शंकरानेही बुडी मारली. वासरू म्हणजे नंदी. त्याला गुरू मानल्यावर समोर कसं बसवायचं? म्हणून कपालेश्वराच्या देवळात नंदी नाही. बाहेरगावची मंडळी पायऱ्या चढून येतात, शिंगांतून पिंडी बघायला सवयीने वाकतात, आणि पुढे नुसती फरशी. मग पुजाऱ्याकडे बघतात. तोही न विचारता गोष्ट सुरू करतो.

ही नुसती बडव्यांची सांगोवांगी नव्हे बरं. सातव्या शतकातला चालुक्य नागवर्धनाचा ताम्रपट इगतपुरीजवळ निरपणला सापडला. त्यात कपालेश्वराच्या पूजेसाठी आणि तिथल्या महाव्रतींसाठी गाव इनाम दिलंय. महाव्रती म्हणजे हेच व्रत अंगावर घेतलेले कापालिक, कवटीत भीक मागणारे. आपल्या मुलखात तेव्हा त्यांची एवढी चलती होती, की राजघराण्याने त्यांच्या पोटापाण्याची सोय लावली!

श्रावणात येणार असलास तर सोमवार टाळ, पाय ठेवायला जागा नसते. मंगळवारी ये, सकाळी. वहिनींनाही आण, मिसळ माझ्याकडून.

तुझा,
दिनू