डाव्या हाताबद्दल आभार

आदरणीय बाई,

बरेव, म्हणजे आर्मेनियनमध्ये नमस्कार! या पत्राची इंग्रजी प्रत तुमच्या नातीकडे पाठवली आहे, ती तुम्हाला आर्मेनियनमध्ये वाचून दाखवेल. हे मराठी पत्र मात्र सगळ्यांसाठी आहे. आमच्याकडून दरवर्षी मुलं डॉक्टर व्हायला आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानला जातात. त्यांच्या आईवडिलांना तिथली फी, वसतिगृह आणि थंडी एवढंच ठाऊक असतं. तुमच्यासारखी माणसंही तिथे भेटतात, हे कुणीतरी सांगायला हवं.

मीही त्यांतलीच. तुमच्याकडे पियानो शिकायला आले ती भजनी मंडळात पेटी वाजवणारी मुलगी. पेटीला उजवा हात सुरांवर आणि डावा भात्यावर. आवाज लहानमोठा करायचा तो भात्याने. पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात, फार फरक पडत नाही. पियानोवर सगळं बोटाखालीच ठरतं. तुम्ही माझा डावा हात मनगटाशी धरून वर उचललात आणि सोडून दिलात. तो खाली पडलाच नाही, तिथेच अधांतरी राहिला. मग कितीतरी दिवस एकच काम : हात सैल सोडायचा, एका पट्टीवर त्याचं वजन येऊ द्यायचं आणि सूर पूर्ण विरेपर्यंत ऐकायचं. मला वाटलं, या बाई मला कधी काही वाजवू देणार आहेत की नाही?

पियानोतून गाता आलं पाहिजे, हा इगुमनोव्हचा आग्रह. मॉस्कोच्या या पियानोगुरूंनी महायुद्धाच्या काळात येरेवानमध्येही शिकवलं. आर्मेनियाचे संगीतकार आर्नो बाबाजान्यान मॉस्कोत त्यांच्याकडेच शिकले आणि पुढे १९५० ते १९५६ येरेवानच्या कॉन्झर्व्हेटरीत स्वतः शिकवत होते. तुमच्या शिक्षिका त्याच वातावरणात घडलेल्या. आमच्याकडे याला घराणं म्हणतात, असं मी सांगितलं तेव्हा तुम्ही खूश झालात. ऑपेराजवळच्या तळ्याकाठी बाबाजान्यानांचा तो लांबलचक बोटांचा पुतळा आहे, त्यावर मात्र तुमचा राग. ‘ताकद पाठीतून येते, बोटांतून नाही. शिल्पकाराने एकदा माझ्या तासाला बसायला हवं होतं!’

तुम्ही मूळच्या लेनिनाकानच्या, म्हणजे आजच्या ग्युम्रीच्या. ७ डिसेंबर १९८८, सकाळचे ११ वाजून ४१ मिनिटं : तिथल्या भूकंपाची वेळ. त्या दिवशी तुम्ही कामासाठी येरेवानला आला होतात, एवढंच तुम्ही सांगितलंत. मी किल्लारीजवळच्या गावची, हे कळल्यावर तुम्ही एकच विचारलंत, ‘घरं कशाची होती?’ मी म्हटलं, दगडमातीची. ‘आमची काँक्रीटची,’ म्हणालात आणि स्वरलिपीचं पान उलटलंत. ३० सप्टेंबर १९९३ माझ्या जन्माआधीची, पण आमच्या घरात अजून प्रत्येक गोष्ट ‘भूकंपाआधी’ आणि ‘भूकंपानंतर’ अशीच सांगतात. त्या दिवसापासून तुमच्या घरात मला परकं वाटलं नाही.

तुमची शिकवण्याची खरी पद्धत तुमच्याकडच्या भूकंपानंतरच्या हिवाळ्यांत घडली असावी, असं माझं मत. तेव्हा मेत्सामोरचं अणुवीज केंद्र बंद झालं होतं, त्यात अझरबैजानशी युद्ध आणि नाकेबंदी. ते केंद्र १९९५ साली पुन्हा सुरू होईपर्यंत येरेवानमध्ये दिवसाला तास-दोन तास वीज. लोकांनी रस्त्यावरची झाडं तोडली, घरातली लाकडी जमीन उपटून जाळली. पियानोला वीज लागत नाही, पण गारठलेल्या पट्ट्यांवर बोटं चालत नाहीत आणि मेणबत्ती पुरवून वापरावी लागते. म्हणून तुम्ही मुलांना कोट घालून एकत्र बसवायचात, प्रत्येक हाताचा भाग आधी गाऊन पाठ करून घ्यायचात, आणि पियानोपाशी प्रत्येकाला अगदी थोडा वेळ. मी आले तेव्हा तुमच्या खोलीत भरपूर ऊब होती, तरी नियम तोच : आधी वाच, मग गा, मग वाजव. तुमच्याकडे ‘दो’ या स्वराची जागा ठरलेली, आमचा ‘सा’ काळी एकपासून पांढरी सहापर्यंत कुठेही बसतो. यावरून आपले किती वाद झाले! शेवटी तुम्ही मला आर्मेनियन संगीतकार कोमितासचे पियानोवरचे नाच ‘सा रे ग म’मध्ये गाऊ दिलेत. त्यांत स्वर थोडे आणि मोकळी जागा फार. पियानोतून ‘तार’ हे तंतुवाद्य आणि दफ ऐकू यायला हवेत. तिथे माझा पेटीचा कानच कामी आला, हे तुम्ही कबूल केलंत.

एका वर्षी सोयाबीनचे भाव पडले आणि बाबांकडून पैसे येईनात. मी यायचं बंद केलं. तुम्ही नातीला वसतिगृहावर पाठवलंत, सोबत ‘गाता’ या तुमच्याकडच्या गोड पावाचा मोठा तुकडा आणि निरोप : मंगळवारी तास आहे. त्या महिन्यांची फी तुम्ही पुढेही कधी घेतली नाहीत. ती या पत्रासोबतही पाठवत नाही, कारण तुम्ही परत पाठवाल आणि बँक मध्ये कमिशन खाईल. त्याऐवजी तुमच्याकडच्या एखाद्या मुलाच्या स्वरलिपीच्या वह्यांचा खर्च मला करू द्या. नातीशी बोलून ठेवलंय, नाही म्हणू नका.

सध्या लातूरला रात्रपाळ्या चालू आहेत. घरी जुना डिजिटल पियानो घेतला आहे. बाबाजान्यानांची ‘एलेजी’ बसवतेय, संगीतकार खाचातुर्यान गेल्यावर १९७८ मध्ये जुन्या कवी-गायक सायात-नोव्हाच्या चालीवर लिहिलेली. डावा हात जरा जड झाला की वरचं गाणं बुडतं. मधल्या चढत्या जागेपर्यंत नीट जाते, तिथून परत खाली येताना पेडल कुठे सोडायचं ते जमत नाही. ध्वनिमुद्रण नातीच्या फोनवर पाठवलंय. ऐका आणि नेहमीसारखं स्पष्ट सांगा.

तुमची,
लातूरची विद्यार्थिनी